वऱ्हाडातली बाई

अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहणारा जो तो गावाकडे सांगतो, आम्ही व्हिलात राहतो. ते खोटं नसतं. एका व्हिलात पाच-सहा बिऱ्हाडं असतात, एवढंच सांगायचं राहून जातं. अशाच एका व्हिलाच्या तळमजल्यावर कॉन्सेप्टा तुस्कानो आणि विभावरी दामले यांची दारं समोरासमोर होती. कॉन्सेप्टा वसईकडच्या गासची, विभावरी पुण्याची.

विभावरी बँकेत नोकरीला. तिची मुलगी ईशानी शाळेच्या बसमधून उतरली की सरळ कॉन्सेप्टाच्या घरात शिरायची. कॉन्सेप्टाच्या मुलाबरोबर, विन्स्टनबरोबर जेवायची, त्याच्याशी भांडायची, दिवाणावर लवंडायची आणि अंधार पडल्यावर विभावरी येऊन तिला उचलून न्यायची. केजीपासून ते पार बारावीपर्यंत. पोरीला कांजिण्या आल्या तेव्हा कडुनिंबाच्या पाल्यासाठी कॉन्सेप्टा शेजारच्या मुसफ्फाचे रस्ते धुंडाळत फिरली. पाळी आली तेव्हा पोर रडत आली ती हिच्याकडेच. पैशाचा विषय विभावरीने एकदाच काढला होता. कॉन्सेप्टाने तिला दारातच सुनावलं, "माझ्या ताटात पोर जेवते, त्याचं बिल लावू काय तुला?" विषय तिथेच मेला.

ती ईशानी आता लंडनला नोकरी करत होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा अंकुर; घरचे मूळचे दिल्लीचे, पण दुबईत बस्तान बसलेलं, गडगंज. विभावरी एके संध्याकाळी धावतच आली.

"इटलीत गं! तळ्याकाठचा व्हिला, चारशे वर्षांचा. कुण्या कार्डिनलने बांधलेला. आतच चॅपल आहे, तुमचं. सगळ्यांनी एक रात्र तिथे राहायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न. पण खोल्या मोजक्याच. यांच्या सख्ख्या काकांना कापलं, बोल! तुझं नाव मात्र ईशानीने पहिल्या झटक्यात घेतलं."

कॉन्सेप्टाला रडूच आलं. तिने विभावरीला मिठी मारली.

"आणि मी?" आतून सेबॅस्टियनने विचारलं. कॉन्सेप्टाचा नवरा अबू धाबीतल्या एका हॉटेलात बँक्वेटचं काम बघायचा. लग्नांच्या जेवणावळी उठवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

"एकाच माणसाची जागा आहे रे," विभावरी ओशाळून म्हणाली.

ती गेल्यावर सेबॅस्टियनने डोकं खाजवलं. "एकटीला बोलावलंय. रूम कुणाबरोबर?"

"असेल कुणाबरोबर तरी. तुला बोलावलं नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतंय."

"मी नुसतं विचारलं गो."

मग तयारी. दुबईच्या करामातल्या दुकानातून तिने बाटलीच्या हिरव्या रंगाची कांजीवरम घेतली. किंमत ऐकून दुकानातच तिने दिरहॅमचे रुपये केले आणि छातीवर क्रूस काढला, पण घेतली. तिथल्याच शिंप्याला ब्लाउजसाठी तीन वेळा पिडलं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला येणाऱ्या सगळ्या बायकांना तिने सांगून झालं की कार्डिनलच्या चॅपलमध्ये तुमच्यासाठीही प्रार्थना करीन. मिलानच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्याने तिचं आडनाव मोठ्याने वाचलं, "तुस्कानो? इटालियाना?" आणि हसून शिक्का मारला. कॉन्सेप्टाला वाटलं, चला, सुरुवात तर झकास झाली.

व्हिला होताच तसा. फाटकापासून सुरूच्या झाडांची रांग पार पाण्यापर्यंत उतरलेली. तळं निळं नव्हतं, गर्द हिरवं होतं. बरोबर आणलेल्या साडीसारखं. दिवाणखान्याच्या छतावर गुबगुबीत देवदूत रंगवलेले, त्यांच्या पंखांचा रंग जागोजागी उडालेला. संगमरवरी जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. किती लोक चढले-उतरले असतील, असं म्हणत कॉन्सेप्टा कठड्यावरून हात फिरवत वर गेली. पहिला मजला गेला, दुसरा गेला, संगमरवर संपून लाकडी जिना लागला, आणि बॅग घेऊन पुढे चाललेल्या मुलाने छपराखालच्या एका खोलीचं दार उघडलं. खोली स्वच्छ होती. एक अरुंद पलंग, एक खिडकी. आणि पलंगाला लागून बाळाचा पाळणा.

"मिस्टेक," ती त्याला म्हणाली. "बेबी नो. आय ॲम अलोन."

तो खांदे उडवून गेला. कॉन्सेप्टा बॅग तशीच ठेवून पलंगाच्या कडेवर बसली. तेवढ्यात दारात एक तरुण बाई आली. अंगात चमचमता लेहंगा, कडेवर गोरंगोमटं बाळ, खांद्याला बाळाची पिशवी. ती अंकुरची बहीण, शुभ्रा.

"हाय! आप ही ईशानी की नॅनी हैं ना? थँक गॉड! उसने इतनी तारीफ की है आपकी." आणि बाळ सरळ कॉन्सेप्टाच्या मांडीवर. "दूध बॅग में है. आठ बजे सुला देना. हम नीचे ही हैं, संगीत में."

कॉन्सेप्टाला उत्तर सुचायच्या आत लेहंगा जिना उतरून गेला होता.

काही माणसांचा राग लगेच तोंडावर येतो. कॉन्सेप्टाचा तसा नव्हता. तिचा राग आधी पायात यायचा; तळवे गार पडायचे. बाळाला कडेवर घेऊन ती खाली उतरली आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी तिने विभावरीला गाठलं. विभावरी नथ सारखी करत होती.

"विभा, हे काय आहे?"

विभावरीने इकडेतिकडे बघितलं. "अगं, संध्याकाळपुरतं फक्त. त्यांची मेड ऐन वेळी आली नाही. आणि तुझ्याकडे पोर लगेच राहतं, तुला सवय आहे."

"ऐन वेळी? मग पाळणा खोलीत आधीपासून कसा?"

विभावरी पुन्हा नथ चाचपू लागली.

"तू मला अबू धाबीत का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले."

"म्हणूनच नाही सांगितलं," विभावरी म्हणाली. खालून कुणीतरी तिला हाक मारली आणि ती पदर सावरत निघून गेली.

आता बाळाचा काय गुन्हा? कॉन्सेप्टा वर आली. साडी मात्र तिने नेसली, नेसायचीच होती. बाळ पलंगावर हातपाय झाडत होतं आणि ही एका हाताने निऱ्या धरत, दुसऱ्याने त्याला आवरत होती. मग दूध पाजलं. त्यातलं निम्मं बाळाने ढेकरेबरोबर कांजीवरमच्या पदरावर काढलं. खिडकीतून खालची हिरवळ दिसत होती. झाडांना दिवे टांगलेले, लांबलचक टेबलं, ढोलकी, आणि मधोमध पिवळ्या घागऱ्यात ईशानी. नाचत होती. कॉन्सेप्टा वाट बघत राहिली. एकदा तरी पोरगी मान वर करील, हात हलवील, निदान कुणाला तरी म्हणेल, कॉन्सीआंटी कुठाय? जेवायची वेळ झाली तेव्हा तोच मघाचा मुलगा ट्रे घेऊन आला. झाकणाखाली पास्ता, शेजारी कागदी रुमालात गुंडाळलेला काटा. सेबॅस्टियन बँक्वेटमध्ये बँडवाल्यांना असाच ट्रे पाठवतो, हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात बाळ भोकांड पसरून रडायला लागलं. पिशवीतलं दूध संपलं होतं. कॉन्सेप्टाने त्याला उचललं, ट्रेला हात लावला नाही, आणि जिना उतरू लागली. लाकडी, मग संगमरवरी. देवदूतांच्या खालून ती सरळ हिरवळीवर गेली. ढोलकी वाजत होती, पण बाळाचा आवाज ढोलकीला भारी पडला. माणसं वळून बघू लागली. शुभ्रा मधल्या टेबलावर हातात ग्लास घेऊन हसत होती. कॉन्सेप्टाने तिच्या हातातला ग्लास काढून टेबलावर ठेवला आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं.

"इसको भूख लगी है," ती म्हणाली. "और मुझे भी."

ढोलकी थांबली. कॉन्सेप्टाने टेबलावरून नजर फिरवली. प्रत्येक ताटापाशी नावाचं कार्ड होतं, तिच्या नावाचं कुठेच नव्हतं. दामल्यांच्या टेबलावरून ईशानीचे वडील, विजयकुमार, कुणाला तरी भेटायला उठले होते. त्यांची खुर्ची मागे ओढून कॉन्सेप्टा तिच्यावर बसली, रुमाल उलगडून मांडीवर पसरला आणि शेजारच्या वाढप्याला म्हणाली, "फूड, प्लीज."

विभावरीचा चेहरा पांढराफटक पडला. पण कॉन्सेप्टा तिच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती ईशानीकडे. अंकुरची आई ईशानीच्या कानाशी वाकून काहीतरी विचारत होती. ईशानीने दोन शब्दांत उत्तर दिलं आणि कॉन्सेप्टाशी नजरानजर होताच मान खाली घातली. मग ढोलकी पुन्हा सुरू झाली. कॉन्सेप्टाने समोर आलेलं सगळं जेवण संपवलं. कशाचीच चव कळली नाही, पण एक घास टाकला नाही तिने.

सकाळी सगळे झोपलेले असताना ती चॅपल शोधत गेली. दार ढकललं, तर आत डेकोरेशनवाल्यांची खोकी रचलेली, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळांचे ढीग, आणि वेदीवर चक्क शिडी आडवी टाकलेली. बायकांना प्रार्थनेचा शब्द दिला होता तिने. ती उंबऱ्यावर उभी राहिली. हात जोडले, पण ओठांवर नेहमीचं काही येईना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "देवा, मला आत्ता शांत करू नकोस." आणि परत फिरली.

लग्न तिने मागे उभं राहून बघितलं. भटजी लंडनहून आणलेला होता. मंगलाष्टकांना तिने अक्षता टाकल्या, त्या अशा जोरात की पुढच्या माणसाने मान चोळत मागे बघितलं.

अबू धाबीला परतल्यावर सेबॅस्टियनने तिचा चेहरा बघूनच ओळखलं. ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं तो म्हणाला नाही, म्हणूनच बहुधा तिने त्याला सगळं सांगितलं. सांगताना ती मोरीत उभी राहून पदर घासत होती. दुधाचा डाग कधीच गेला होता, तरी घासत होती.

"फाटेल तो," सेबॅस्टियन म्हणाला.

"फाटू दे. सेबी, अरे, ती मला म्हणाली असती, कॉन्सी, आमची पंचाईत झालीय, जरा पोर बघशील का, तर मी रात्रभर बघितलं असतं. मी कुणाचंही पोर बघते. मला फसवून नेलं रे! तिकीट काढून दाईला नेतात तसं नेलं आणि मी अख्ख्या चर्चला सांगत सुटले होते, मला लग्नाला बोलावलंय!"

विभावरीने चार-पाच दिवस तोंड दाखवलं नाही. मग दोघी एकाच वेळी दाराबाहेर आल्या आणि मधल्या बोळात समोरासमोर उभ्या राहिल्या. तोंड विभावरीनेच आधी उघडलं.

"तू तिथे तमाशा केलास. माझ्या मुलीच्या सासरच्यांसमोर."

"तमाशा तू मांडला होतास. मी फक्त खाली उतरले."

"शुभ्रा अजून ईशानीशी धड बोलत नाही."

"मग मी काय करू? पुन्हा जाऊन पोर घेऊ?"

विभावरी दाराला टेकली. तिचा आवाज एकदम बदलला. चढला नाही, तर घोगरा झाला. "तुला वाटतं मला कळत नाही? ईशानीला कुणी वाढवलं ते? बँकेतून थकून यायचे मी, आणि पोरगी म्हणायची, कॉन्सीआंटी भात असा नाही कालवत. ताप आला की तुझं नाव घ्यायची. तू जीव लावलास, पण मला कधी विचारलंस का, मला कसं वाटतं? एका दिवसापुरती तरी मला एकटीला आई व्हायचं होतं. तू समोर बसली असतीस तर तिने आधी तुझे पाय धरले असते."

कॉन्सेप्टाला हे नवीन होतं. इतक्या वर्षांत विभावरी असं काही बोलली नव्हती. क्षणभर तिला वाईट वाटलंही. पण राग त्या वाईट वाटण्याहून मोठा होता.

"मग बोलवायचं नव्हतंस," ती म्हणाली. "नाही म्हणायचं होतंस. सख्ख्या काकाला कापलंस तसं मला कापायचं होतंस. मी घरी बसून रडले असते आणि आठ दिवसांनी तुझ्याकडे फोटो बघायला आले असते. पण तू मला बोलावून माळ्यावर ठेवलंस, विभा."

दोन्ही दारं लागली.

महिन्याभराने ईशानी आली. अंकुरबरोबर दुबईला सासरी आली होती. तिथून एकटीच टॅक्सी करून थेट कॉन्सेप्टाच्या दारात. हातात फुलं.

"आंटी, आय ॲम सो सॉरी इफ यू फेल्ट..."

"फेल्ट नाही. झालं ते," कॉन्सेप्टा दार अडवून म्हणाली. "आणि मराठीत बोल. येतं तुला, मीच शिकवलंय."

ईशानीने फुलं खाली ठेवली. "मला माहीत होतं. मम्मा म्हणाली की तू बेबी सांभाळशील तर सासरच्यांना बरं वाटेल, आणि तुलाही यायला मिळेल. मला वाटलं, नाइस आयडिया. मी विचारच केला नाही." तिने मान हलवली. "नाही. केला होता विचार. त्या संध्याकाळी मम्मीजींनी विचारलं, ये कौन है? मी म्हटलं... माय नॅनी."

कॉन्सेप्टाला मान खाली घातलेली पोरगी आठवली. ते दोन शब्द हे होते तर.

"का?"

"मला नाही माहीत."

"माहीत आहे. सांग."

"शरम वाटली," ईशानी रडत म्हणाली. "सगळे बघत होते. तू अशी रागाने बसली होतीस. नॅनी म्हटलं की एका शब्दात प्रश्न संपत होता."

"तुझा संपला," कॉन्सेप्टा म्हणाली. आता राग पायातून पार वर, गळ्याशी आला होता. "माझा नाही संपला. ऐक ईशानी, नॅनी हा वाईट शब्द नाही. इथे हजारो बायका ते काम करतात, मानाने करतात, पगार घेतात आणि सुट्टीला घरी जातात. मी तुझी नॅनी नव्हते. असते तर मला निदान कळलं असतं की मला कामावर नेतायत. फोन काढ."

"आंटी?"

"फोन लाव तुझ्या सासूला. मला ऐकू येईल असा."

ईशानीने डोळे पुसले आणि फोन लावला. पलीकडून आवाज आला, "हां बेटा?"

"मम्मीजी, वो शादी में ग्रीन साडी में आंटी थीं ना. मैंने आपको बोला था नॅनी हैं. शी इज नॉट माय नॅनी."

"अच्छा? तो कौन है?"

ईशानीने कॉन्सेप्टाकडे बघितलं. कॉन्सेप्टा चौकटीला हात लावून उभी होती. तिने मुद्दामच काही सुचवलं नाही.

"रिलेटिव्ह है?"

"नहीं."

"तो?"

"पडोसी हैं... नहीं, सिर्फ पडोसी नहीं. मैं इनके घर में बडी हुई हूँ. इन्होंने पाला मुझे. पैसे के लिए नहीं. मैंने झूठ बोला क्योंकि मुझे शरम आई. और शुभ्रा दीदी का बेबी उनको ऐसे ही पकडा दिया हमने, बिना पूछे. दीदी को इन्हें सॉरी बोलना चाहिए. मुझे भी."

पलीकडे सासूने घसा खाकरला. मग, "इतनी सी बात है बेटा. देखते हैं." फोन बंद झाला.

"देखते हैं म्हणजे नाही," कॉन्सेप्टा म्हणाली.

"हो. पण मी दीदीला स्वतः बोलणार आहे."

"बोल. आणि इथे आलीस ते आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी समोर जा. आईपासून लपून माझ्या घरात यायचं नाही. लहानपणीही मी ते चालू दिलं नव्हतं."

ईशानीने बोळ ओलांडून समोरची बेल दाबली. दार उघडलं, लागलं. आतून आधी विभावरीचा चढलेला आवाज आला, मग ईशानीचा, मग दोघींचा एकदम. कॉन्सेप्टा हलली नाही. मध्ये पडायची सवय होती तिला; आज तिने ती मोडली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ईशानीच्या मागे विभावरी होती, डोळे सुजलेले. ती उंबऱ्याबाहेर आली नाही.

"मी तुला फसवलं," ती तिथूनच म्हणाली.

"हो."

"माझाही तुझ्यावर राग आहे. आजचा नाही, जुना."

"कळलं मला ते. माझा नवा आहे."

"बरं," विभावरी म्हणाली आणि दार लावलं. आपटलं नाही, पण हळूही लावलं नाही.

ईशानी मध्येच उभी होती. कॉन्सेप्टा चौकटीतून बाजूला झाली.

"ये, बस," ती म्हणाली. "पण मी अजून रागात आहे. मला बोलायला लावू नकोस."

ईशानी आत येऊन दिवाणावर बसली. कॉन्सेप्टा तिच्याकडे पाठ करून स्वयंपाकघरात भांडी लावत राहिली, एकेक भांडं आदळत, आणि पोरीने ते सगळे आवाज मुकाट्याने ऐकून घेतले.